साडेतीन हॉर्सपॉवर

आसगावच्या बंगल्यांमागे, कंपाउंडला टेकून
उभी असतात ती गवत कापायची यंत्रं.
तांबडी, हिरवी, एखादं पिवळं,
चाकांतून घाणेरीची फांदी वर आलेली.
कायतान राखणदाराचा फोन येतो :
पात्रांव म्हणतो, घेऊन जा, नाहीतर भंगारात.

मी आमोण्याहून स्कूटर काढतो.
हँडल दुमडून, काथ्याने आवळून
एकेक घरी आणतो.
म्हापसा मागे पडेपर्यंत आरशात
रस्ता दिसत नाही, त्याचं चाक दिसतं.

दिवसा मी पाण्याच्या टाकीवर.
व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा, वहीत वेळ लिहायची.
त्याआधी अकरा वर्षं बार्जवर,
चारशे हॉर्सपॉवरच्या पोटात.
खाणी थांबल्या, बार्ज चिखलात बसली,
आणि इतकं शांत झालं
की मला झोप लागेना.

आता साडेतीन.
हसू नका. आवाज आवाजच असतो.

बहुतेकांना काही झालेलंच नसतं.
टाकीत राहिलेलं पेट्रोल
कार्ब्युरेटरच्या तळाशी काकवीसारखं दाटतं,
जेटच्या भोकात एक कण अडकतो.
त्या कणापायी अठ्ठावीस हजारांचं यंत्र भिंतीला!
तिथे सुई जात नाही.
तियात्रात गिटार वाजवणारा रुझार
तुटलेल्या तारा माझ्यासाठी ठेवतो,
सगळ्यांत बारीक तार त्या भोकातून बरोब्बर पार होते.

एकाच्या सायलेन्सरात कुंभारणीने
मातीची घरं बांधली होती.
पिल्लं उडेपर्यंत थांबलो, अडीच आठवडे.
सुलक्षा म्हणाली, गिऱ्हाईक खोळंबलंय.
म्हटलं, भाडेकरू आधी.

आणि ज्यांचं पातं दगडावर आपटलंय
(इथे जांभा कुठे डोकं वर काढेल, नेम नाही)
त्यांच्या फ्लायव्हीलखाली एक चावी असते.
नखाएवढी. मऊ धातूची.
मुद्दाम मऊ :
धक्का बसला की ती तुटते आणि शाफ्ट वाचतो.
पंचेचाळीस रुपये.
एका रात्री हातात तुटकी चावी धरून मी म्हणालो,
बार्जवर अशा चाव्या आम्हीच होतो.
सुलक्षा म्हणाली, हात धुवा, आमटी निवतेय.

मग दोरी.
पहिल्या ओढीला काही नाही.
दुसरीला खोकला.
तिसरीला निळा धूर, परसातली भांडी थरथरतात,
शाबी गावस पलीकडून ओरडतो, आणखी एक जगलं काय रे?

गावात कोण घेणार? आमच्याकडे गवताला म्हैस आहे.
नास्नोड्याच्या फुटबॉल क्लबने एक नेलं,
एक कांदोळीच्या हॉटेलने, तेही हप्त्याने.
हिशेब मांडला तर स्कूटरच्या पेट्रोलपेक्षा
थोडं जास्त सुटतं. थोडंच.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या.
नवाच बंगला घेतलाय म्हणाल्या, आसगावात.
फाटकाचा रंग सांगितला आणि मी गप्प झालो.
यंत्र तेव्हा तांबडं होतं, मी हिरवं केलेलं.
पोचवायला गेलो.
कायतानने फाटक उघडलं,
मला बघितलं, यंत्राला बघितलं,
आणि आभाळाकडे बघत बसला.

साडेसात हजार मोजून दिले बाईंनी.
कायतानने दोरी ओढली, पहिल्याच ओढीला चालू.
उतारावर ते डावीकडे जातं,
आधीही जायचं,
आंब्याचं मूळ त्याने न सांगता चुकवलं.

निघताना तो फाटकापर्यंत आला.
मी म्हटलं, पावसाआधी टाकी रिकामी कर,
थेंबभर पेट्रोल ठेवू नकोस, मग दहा वर्षं बघायला नको.
त्याने जरा विचार केला.
मागीर तुमी कितें करतले? म्हणाला.