पितळी घंटा

सकाळी सातला फाटक उघडतो मी.
सात वाजून वीस मिनिटांनी तिची पांढरी गाडी येते,
एका दिव्याला चिकटपट्टी लावलेली,
आणि कुंपणाजवळच्या निलगिरीखाली थांबते.
इंजिन बंद होतं.
दार उघडत नाही.

आधी वाटलं, दुआ करत असेल.
मग वाटलं, फोनवर असेल.
एकदा पानं झाडत अगदी काचेपाशी गेलो:
आमची तोहीरा, चौथीची बाई,
दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून
समोरच्या भिंतीकडे बघत होती.
त्या भिंतीवर काहीच नाही.
मीच रंगवलीय, म्हणून सांगतो.

अॅथलोनमधली आमची शाळा.
आग्नेयेचा वारा सुटला की छपराचे पत्रे बोलू लागतात,
वीज गेली की भिंतीवरची घंटा मुकी होते.
म्हणून कपाटात एक पितळी ठेवलीय,
ती वाजवायचं काम माझं.

अडतीस मुलं तिच्या वर्गात.
दुपारी हिफ्जची पोरंही तिच्याच गळ्यात,
कारण मौलाना इगसानचा घसा बसला तो बसलाच.
शनिवारी निधीसाठी समोसे तळायला हीच.
तरावीहनंतर वह्या, सेहरीआधी दोन तास डोळा.
पगाराचं काढलं तेव्हा कमिटीतलं कुणी म्हणालं,
"बहीण, याचा मोबदला अल्लाहकडे."
खरंच आहे. आमीन.
पण वीजबिल त्या पत्त्यावर जात नाही.

सबुरी ठेव, सगळे म्हणतात.
ठेवायला माणसाच्या आत फडताळ लागतं,
आणि तिच्या फडताळात
आधीच सगळ्या शाळेची बोचकी.

मग मी घंटा उशिरा वाजवू लागलो.
एक मिनिट. मग तीन.
रमजानात सरळ पाच.
झाडूला टेकून उभा राहायचो
काचेमागची ती मान ताठ होईपर्यंत.
मुलांनी तक्रार केली नाही, मुलं शहाणी असतात.

एकविसाव्या रोज्याला अब्राहम्सबाई आल्या, आमच्या मुख्याध्यापिका.
"बूता आर्मीन, आपल्याकडे आठ वाजायला
रोज आठ वाजून पाच मिनिटं का लागतात?"
मी बोट दाखवलं नाही, कसम.
फक्त तिकडे बघितलं.

बाई गेल्या. डावीकडच्या काचेवर टकटक केली,
आत बसल्या.
मग दोघी त्याच भिंतीकडे बघत राहिल्या.
काय बोलल्या, ठाऊक नाही, काचा वर होत्या.
माझ्या मुठीत पितळ तापलं.

उतरल्या त्या एकट्याच,
चौथीचं हजेरीपुस्तक काखेत.
"खडू आहे का तुझ्याकडे?
वर्ग मी घेते. तिला झोप लागलीय.
घंटा हळू वाजव."

पितळ हळू वाजत नाही.
मी घंटेच्या जिभेला फडकं गुंडाळलं.

पगार वाढला असं काही नाही.
समोसे आता पालक तळतात, थोडे कच्चे राहतात.
गाडी अजूनही येते, अजूनही थांबते,
पण कमी वेळ. काही दिवशी.

परवा जाताना तोहीरा फाटकापाशी थबकली,
"बूता, तुम्ही कधी बसता?"
मला उत्तर सुचेना.
दुसऱ्या दिवशी तिथे एक खुर्ची होती,
प्लास्टिकची, एक पाय जरा आखूड.
पायाखाली पुठ्ठा घालून ठेवलाय मी.
बसलो नाही अजून.