चिठ्ठीची एक कड

सोलापूरच्या कोर्टात, वकिलांच्या वाचनालयात
राजमल्लू येमूल दुरुस्त्या चिकटवायचे.
छापील चिठ्ठ्या यायच्या, बोटभर रुंद.
यांच्याकडे मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून
चिमूटभर मोरचूद,
आणि बापाच्या मागाची राहिलेली एक पट्टी.

मी नवा शिपाई. ब्लेड घेऊन
जुनी ओळ खरवडायला निघालो.
नको रे, म्हणाले. एकच कड चिकटव.
उद्या कुणी विचारलं, आधी काय होतं, तर?

एकवीसवर अठरा चिकटवलं तेव्हा
उन्हाळा असा, की बोटावरच खळ वाळत होती.
विडीची पानं भिजवून आलेली त्यांची भाग्यलक्ष्मी
दारात उभी, एकोणीस वर्षांची.
हे बघ, म्हणाले, ही तू.
तिनं वाकून पाहिलं.
इंतेना? एवढंच?

हिरेमठ वकील समजावून सांगत:
दोन्ही सभागृहांत, हजर राहून मत देणाऱ्यांतले
दोन तृतीयांश.
आणि चहाला उठून गेलेले?
(विणकर सोसायटीचे पोटनियम असेच बदलले होते,
भज्यांच्या ताटलीनंतर.)
तेही धरतात. एकूण सदस्यांतल्या
निम्म्याहून जास्त जणांचं हो लागतं.
काही कलमांना तर निम्म्या राज्यांचंही.
म्हणजे नुसत्या चहावर भागत नाही, येमूल म्हणाले,
आणि दिवसभर खुशीत होते.

मग एकदा, कपाट पुसता पुसता:
सायेब, सगळंच बदलता येतं का?
हिरेमठांनी चष्मा काढला.
कोर्ट म्हणतं, गाभा सोडून.
गाभा कुठल्या पानावर?
तसं पान नाही.
येमूल बोलले नाहीत.
पुस्तक पालथं घालून
पाठीची शिवण अंगठ्यानं चाचपत राहिले,
सूत तुटलंय का बघतात तसं.

आता येमूल नाहीत. नव्या आवृत्त्या येतात,
वकील फोनवरच कलमं काढतात.
ते पुस्तक वरच्या फळीवर,
चिठ्ठ्यांनी फुगलेलं, मिटत नाही,
चादरीच्या दशांनी बांधलेलं.

परवा कायद्याच्या वर्गातली एक पोर आली.
स्टुलावर चढून तिनंच काढलं.
नखानं एक चिठ्ठी उचलून
खालचा आकडा वाचू लागली,
तर चिठ्ठी हातातच आली.
घाबरून माझ्याकडे बघते.

म्हटलं, थांब,
कँटीनमधून मैदा आणतो.
तोवर ठेव तिथं, आणि
बोट काढू नको.