सतरा नंबर

ठराव एका ओळीचा होता:
बर्फ ढकलणारा ट्रक, क्रमांक सतरा,
कौंटीच्या उपयोगाचा उरला नाही,
एक डॉलर किमतीला तंत्रशाळेस द्यावा.
पाच हात वर झाले. पुढचा विषय पार्किंगचा.

डॉलर मीच भरला, खिशातला.
पावती अजून ड्रॉवरात आहे.

पोचवायला एइनार लाहती स्वतः आला,
एकोणीस हिवाळे त्यानंच चालवलेला.
किल्ली देताना म्हणाला,
थंडीत दुसरा गिअर जरा लाडीगोडीनं घ्यावा लागतो.
मग त्याच्या लक्षात आलं,
की हा आता कुठं जाणारच नाहीये.
टोपी काढली, पुन्हा घातली,
आणि बसस्टॉप कुठं आहे ते विचारलं.

मुलांनी ट्रक उघडला.
रस्त्यावरच्या मिठानं पोखरलेला पत्रा
कांद्याच्या पातींसारखा सुटून येत होता.
सीटखाली एक हातमोजा, पेपरमिंटची डबी,
आणि पेन्सिलीनं लिहिलेली यादी,
कुणाचा रस्ता आधी मोकळा करायचा त्याची:
डायलिसिसला जाणारी मिसेस ओडेगार्ड, बेकरी, शाळा.
ओडेगार्डवर काट मारलेली होती.

मे महिन्यात इंजिन लागलं.
काळा धूर, टाळ्या, कुणीतरी हॉर्न दाबून धरला.
पॉ ह्तू, जी वर्षभर कुजबुजतच बोलली,
ती ड्रायव्हरच्या सीटवरून उतरेचना.

मुलं सुटीवर गेली.
जूनमधल्या एका रात्री मी एकटी आले,
एकच दिवा लावला,
आणि सगळं बिघडवलं.
ब्रेकच्या नळीला बारीक चीर,
अल्टरनेटरची तार आतून तोडलेली, वरून शाबूत,
स्टार्टरला जळका रिले.
पहाट झाली. नीट बिघडवायला
दुरुस्तीइतकंच यावं लागतं.

बारा वर्षं हेच चाललंय.
मे महिन्यात तो उठतो, जूनमध्ये मी त्याला निजवते.
इतका आजारी आणि इतका धडधाकट ट्रक
साऱ्या मिनेसोटात नसेल.

यंदा जानेवारीत सरोवरावरून वादळ आलं,
तीन दिवस हललं नाही.
पहाटे चारला फोन वाजला. पॉ ह्तू.
कौंटीचा नवाकोरा बेचाळीस नंबर
पुलाच्या तोंडाशी बंद पडलेला,
आणि ती त्याच्या पोटाखाली.

"सापडलं, बाई," ती ओरडून सांगत होती,
"रिले.
सतरा नंबरात तुम्ही बसवायचात ना,
अगदी तस्साच."

मी विचारलं, तुला कधीपासून...
वाऱ्यात तिचं पुढचं ऐकू आलं नाही.
नंतर इंजिन ऐकू आलं.