रिकाम्याचे प्रकार

रात्री नऊला वर्ग भरतो. तार्तूत तेव्हा पाच वाजलेले,
लेएलो बाईंच्या मागच्या खिडकीत कोणी तरी सायकलला कुलूप लावतंय.
आमच्या नारीनमध्ये उणे सव्वीस.
मोबाइल खिडकीच्या चौकटीत उभा केलाय,
सिग्नल तेवढ्या एकाच कोपऱ्यात येतो
आणि तोच कोपरा घरातला सगळ्यात गार.
सासऱ्यांचा मेंढीचा कोट पांघरून
मी वैद्यकीय नोंदींचं प्रमाणीकरण शिकते.

पहिल्या आठवड्यात तारखा.
३-४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च?
आमच्या रजिस्टरात एक पोरगं
जन्माच्या महिनाभर आधीच लस टोचून घेऊन मोकळं झालंय.
सगळे हसले, आपापल्या चौकोनात,
माइक बंद ठेवून.

मग आजारांना अंक.
सातिबाल्दी, आमचे जुने फेल्डशर,
तीस वर्षं घोड्यावरून दवाखाना चालवला त्यांनी,
अक्षर म्हणजे बर्फावरून कोंबडी गेलेली.
'छातीत वारा शिरला.' 'कंबर रुसली.' 'मेंढरांचा ताप.'
मेंढरांच्या तापाला अंक चटकन सापडतो.
वाऱ्यालाही खोकला म्हणून कुठे तरी बसवता येतं.
पण एका बाईपुढे त्यांनी लिहिलंय:
'हिला काही झालेलं नाही. हिला शेगडीपाशी बसू द्या.'
दोन रात्री यादी चाळली.
बसू देण्याला अंक नाही.

दुहेरी नोंदी काढायच्या त्या आठवड्यात
बातमा आणि झूरा समोर आल्या.
आई एक, तारीख एक, वजन दोन किलो शंभर, दोघींचंही.
प्रोग्राम म्हणाला, चौऱ्याण्णव टक्के एकच व्यक्ती. एकत्र करू?
आमच्याकडे जुळ्या मुलींची नावं हीच असतात,
त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार.
मी 'नाही' दाबलं.
नक्की?
नक्की. झूरा रोज आमच्या कुंपणावरून हात फिरवत शाळेत जाते.
बातमाचं कार्ड खालच्या खोक्यात आहे.

आणि काल लेएलो बाई म्हणाल्या,
रिकामा रकाना नुसता रिकामा नसतो.
माहीत नाही, हा एक.
विचारलंच नाही, हा दुसरा.
विचारलं, पण माणसाने सांगितलं नाही, हा तिसरा.
तिघांना वेगवेगळे संकेत द्या,
सरसकट रेघ ओढू नका.
आणि आणखी एक, म्हणाल्या,
तेवढ्यात नेट गेलं.
त्यांचा चेहरा थिजला, तोंड अर्धं उघडं.

कोळसा घालून आले. अजून तशाच.
म्हणून पुढचं खोकं ओढलं.

तुर्सुन.
आधीची दोन मुलं राहिली नाहीत म्हणून आईने ठेवलेलं नाव,
अर्थ एवढाच: राहू दे.
वय एकतीस. गाव आमचंच.
मृत्यूचं कारण: एक रेघ.
रेघ माझ्या हातची,
नोकरीला लागून तेव्हा महिना झाला होता.

नोवोसिबिर्स्कच्या गोदामातून तो परत आला
तेव्हा कोट त्याच्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता.
मी चहा ओतला.
मेंढ्यांचे भाव बोललो, चुलत्याच्या घोड्याचं बोललो,
बाजारातला पूल कधी दुरुस्त होणार ते बोललो.
मधूनच तो खोकायला बाहेर जायचा
आणि मी त्याच्या कपात पुन्हा चहा ओतायची,
थंड झालेल्या चहावर गरम.
सहा आठवडे.

माहीत नाही, यावर बोट नेलं.
ते खोटं झालं असतं, थोडं तरी.
तिसरा तर त्याच्यावर आळ.
तो सांगत नव्हता असं नाही,
त्याच्यापुढे प्रश्नच कोणी ठेवला नव्हता.

दुसरा निवडला.
रकान्याने विनातक्रार घेतला,
बाजूला हिरवी खूण उमटली,
इतर सगळ्यांना उमटते तशीच.

खिडकीत खरखर झाली. बाई हलल्या.
'बुरुलचा, ऐकू येतंय का? कुठपर्यंत पोहोचला होता आपण?'
माइक चालू केला. कोटाची बाही ओढून काचेवरचं दव पुसलं.
'येतंय,' म्हटलं.
'तुम्ही आणखी एक म्हणत होतात.'