रुळांखालचा सोमवार

सोमवारी पार्क बंद असायचं.
इद्वल प्रॉसर दाताळं घेऊन
रोलरकोस्टरच्या लाकडी पोटात शिरायचा,
मी मागून बादली धरायचो.
पंधराचा होतो.

आठवडाभर वरून गळलेलं सगळं वाळूत:
सुटे पेन्स, किल्ल्या, केसांच्या पिना,
एकदा कवळी, वरची,
वाळू खाऊनही हसणारी.

जुलैअखेर खाणी पंधरवडाभर मिटायच्या
आणि अख्खी दरी बसमधून समुद्रावर उतरायची,
पापण्यांच्या कडांना कोळसा तसाच.
"वर्षभर पिंजऱ्यातून खाली जातात,"
इद्वल म्हणायचा, "इथं पडायचे पैसे मोजतात.
पडताना आभाळ दिसतं ना!"
तो डब्यांच्या मधोमध उभा राहून ब्रेक ओढायचा,
बेतानं.
किंकाळी पिकू द्यायचा आधी.

कवळी मागायला कोणी आलं नाही.
अंगठी मागायला तिघं आले,
तिघांनीही आईची शपथ घेतली.
इद्वलनं तिघांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग एका वर्षी खाणी मिटल्या
त्या उघडल्याच नाहीत.
बसेस कमी कमी होत गेल्या.
तरी तो साखळीला ग्रीस लावत राहिला,
अजून दोन हिवाळे.

आता तिथं फ्लॅट आहेत, समुद्राकडे तोंड केलेले.
बाल्कन्यांत वाळत घातलेलं काहीच दिसत नाही.

त्याचा बिस्किटांचा डबा माझ्याकडे आला.
हलवला की खुळखुळतो.
कवळी आहे. अंगठी नाही.

तिकीटखिडकीतल्या मोर्विथला मी त्याच्या दफनाला पाहिलं.
हातमोजे होते तिच्या हातांत,
भर जूनमध्ये.