तीन हजारांच्या आत

अट माझी होती: तीन हजारांच्या आत.
वही माझ्याकडे. पेन्सिलही माझ्याकडे.

निळा ड्रम, तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून, सहाशे.
आत पूर्वी काय होतं, ते श्रीरंगनं
डोकं घालून हुंगून ठरवलं: "ग्लिसरीन. चालेल."
बावीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
त्याच्या नाकाला पगार होता.
आता फाटकाला कुलूप
आणि नाक घरी.

पंप दोनशे ऐंशी. पाइप, बेंड, सोल्यूशन एकशे नव्वद.
खडी फुकट, सेक्टर नऊच्या बांधकामावरून,
वॉचमनला चहा (दहा रुपये, लिहिले).
पारसिकचा डोंगर फोडून आणलेली काळी खडी.
तिच्यावर त्यानं माझं व्हिनेगर ओतलं
आणि कान लावून ऐकलं, फसफसते का.
नाही फसफसली.
मग तांदळासारखी धुतली, सात पाण्यांनी.
सातवं पाणी मी ओतलं.
व्हिनेगरचे पस्तीस त्याच्या नावावर.

घणसोलीच्या आमच्या गच्चीवर
ड्रमचे दोन तुकडे: खाली मासे, वर पालक.
माशांनी घाण करायची, पंपानं ती वर न्यायची,
मुळांनी खायची, पाणी निवळून खाली यायचं.
"कुणाचंच काही वाया जात नाही," तो म्हणाला.
मी वर बघितलं नाही.
तो ड्रमबद्दलच बोलतोय
असं मला धरून चालायचं होतं.

बारा बोटुकली आणली, रोहूची, सहा रुपयांना एक.
मोरब्याचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलेलं,
क्लोरीन उडावा म्हणून.
चौथ्या दिवशी नऊ उलटी तरंगत होती.
नळीत थेंब टाकले, पाणी गर्द हिरवं.
अमोनिया.
ज्याच्या वासावर आमचं घर चाललं
तो या वेळी वास न देता आला.
श्रीरंगनं नळी उजेडात धरली ती धरलीच,
जणू भोंगा झाल्याशिवाय
खाली ठेवता येत नाही.

गावातल्या चांगुणाबाई बुधवारी सुकट घेऊन येतात.
त्या गच्चीवर चढल्या, ड्रममध्ये हात घातला,
बोटं एकमेकांवर चोळली.
"पानी मुरलं नाय आजून.
लोनच्याला म्हयना देतास, न पान्याला चार दिस?"
दुसऱ्या दिवशी तळ्याच्या तळातले
शेवाळलेले दगड पिशवीभर आणून दिले.
पैसे विचारले तर हसल्या.
वहीत लिहिलं: दगड, शून्य.
नऊ माशांचे चोपन्न लिहिले, मग खोडले.

उरलेली तीन न्हाणीघरातल्या टबात.
आम्ही अंघोळ कडेला उभं राहून.
आणि वर, रिकाम्या पाण्याला
तो रोज चिमूटभर खाऊ घालायचा,
कुणीतरी जेवायचं राहिलंय तसा.
अडतीस दिवस.
मग एका सकाळी नळीत पिवळं पाणी,
साध्या वरणाच्या रंगाचं. मला हाक मारली.

आता वरचा तुकडा भरतो आणि सायफन घोट घेतो,
वीस-वीस मिनिटांनी, रात्रभर.
श्रीरंग घोरतो. किती महिन्यांनी.

परवा अडीचला घोट आला नाही.
लाइट गेलेली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तेवढे ट्रकचे दिवे.
त्याला उठवलं नाही.
मोबाइलच्या उजेडात तीन तोंडं
पाण्याच्या काठाशी उघडत-मिटत होती.
मी तांब्यानं पाणी उपसलं, खडीवर ओतलं,
उपसलं, ओतलं,
दोनशे चाळीसपर्यंत मोजलं, मग सोडलं.
पावणेपाचला पंप गुरगुरला.

सकाळी तो म्हणाला, "पाणी दोन बोटं कमी आहे."
"उडालं असेल."
"रात्रीतून?"
मी पालक खुडत होते, पहिलीच जुडी.
बाजारात पंधराला आहे, जमेला किती लावू, विचारलं.
त्यानं एक पान नाकाशी नेलं.
मग कट्ट्यावरचा तांब्या उचलला,
तोही हुंगला,
आणि काही न बोलता
चिंचेनं घासायला घेतला.