खेडब्रह्मा–पोशिना, दुपारची फेरी

मशीनमध्ये सगळी गावं सरकारी आहेत.
सेमळपाणीचं बटण दाबलं की
सेमळपाणीच उमटतं, अकरा रुपये.
तिथे कुणी राहत नाही.
लोक राहतात हेमळपाणीत.

आमच्या बोलीत स टिकत नाही.
साप हाप होतो, सूरज हूरज, सोमी होमी,
दातांना घासायच्या आतच
त्याचा नुसता श्वास होतो.

पहिलीत आकडे म्हणताना
सातला मी हात म्हणालो.
मास्तर म्हणाले, "हात? बरं, कर पुढे."
पट्टी सागाची होती.
सागाला आम्ही काय म्हणतो
ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग शिकलो स घट्ट धरायला,
ओल्या साबणासारखा.
भरतीच्या मुलाखतीत एकदाही निसटला नाही.
खिशावरच्या बिल्ल्यावर सकराभाई आहे.
हकरा घरी असतो, तोही
मुलं झोपल्यावर.
त्यांना आम्ही गुजरातीत झोपवतो.

आज लांबडियाच्या फाट्यावर एक म्हातारी चढली.
टोपलीत मातीचा घोडा,
फडक्याबाहेर एक कान.
नवसाचा असणार. मांडीवर घेऊन बसली,
खड्डा आला की त्याच्या मानेखाली हात धरायची.

"घोड्याचंही तिकीट लागेल हं, माजी,"
मी गुजरातीत थट्टा केली.
तिला थट्टा कळली नाही.
पदराची गाठ सोडून
खरंच नाणी मोजायला लागली,
मोठ्यानं, एकेक माझ्या तळव्यावर ठेवत.
सहाला अडली.
गाठीत बोट फिरवत राहिली, नाणं लागेना,
आणि बस घाटात वळत होती,
आणि मागून कुणी सुटे मागत होतं.

"हात," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं.
बिल्ल्याकडे नाही, तोंडाकडे.
विचारलं, कुणाचा रे तू?
बापाचं नाव सांगितलं, ते पुरलं नाही.
आजीचं सांगितलं. मग आमचा पाडा,
पाड्याखालचा नाला, नाल्यात वाहून गेलेली म्हैस.
"ती म्हैस!" म्हातारी म्हणाली,
आणि हसता हसता घोडा लवंडता लवंडता राहिला.

घंटी मारायची राहून गेली.
हेमळपाणी मागे पडलं,
पाऊण किलोमीटर तरी.
भर उन्हात उतरली, टोपली डोक्यावर,
तिची सहाही नाणी माझ्या मुठीत तशीच.

ड्रायव्हरने आरशातून विचारलं,
"काय बडबडत होती?"

"काही नाही," मी म्हणालो.
"मोजत होती."